रोज थोडीच चालणारी गाडी आणि तिची बॅटरी

किल्ली फिरवावी आणि इंजिनाऐवजी बोनेटखालून नुसतं टक्-टक्-टक् ऐकू यावं, डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लुकलुकून मंद व्हावेत. बॅटरीकडे आपलं लक्ष पहिल्यांदा जातं ते बहुधा अशाच एखाद्या सकाळी. माझंही तसंच झालं. गाडी धूळ खात पडलेली नव्हती. रोज मुलीला शाळेत सोडायला तीन किलोमीटर जायची आणि तीन किलोमीटर परत यायची. गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी गेली, नवी घाला. घातली. सव्वा वर्षात नवीचीही तीच गत झाली, तेव्हा कुठे मी व्होल्टेज-करंट मोजायचा मल्टिमीटर आणला आणि मोजायला बसलो. बॅटरीत खोट नव्हती. ती कधी पूर्ण भरतच नव्हती.

तुमची गाडीही रोज पाच-दहा मिनिटंच चालत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. पेट्रोल-डिझेल गाडीतली नेहमीची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी धरून लिहितोय. दुचाकी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं पुढे थोडक्यात येईल.

आधी हिशेब, कारण चोर दुसराच निघतो

सगळे म्हणतात, सेल्फ मारताना बॅटरी खूप खर्च होते आणि छोट्या फेरीत तेवढी भरून येत नाही. मीही तेच धरून चाललो होतो. आता आकडे बघा. छोट्या कारचा सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो, पण फक्त दोन सेकंद. म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद, बॅटरीचा साठा ज्या मापात सांगतात त्या अँपिअर-तासांत सांगायचं तर जेमतेम ०.०८. छोट्या कारची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर हा खर्च तिच्या साठ्याचा पाचशेवा हिस्सा झाला. इंजिन चालू झाल्यावर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर, एक-दोन मिनिटांत तो भरून काढतो.

आता उभी गाडी बघा. लॉक करून तुम्ही घरी गेलात तरी गाडी पूर्ण झोपत नाही. रिमोटची वाट पाहणारं सर्किट, सेक्युरिटी अलार्म, घड्याळ, इंजिनाच्या कॉम्प्युटरची मेमरी असं सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर सतत ओढत असतं. ३० धरू. चोवीस तासांत ०.७२ अँपिअर-तास झाले. म्हणजे गाडी नुसती उभी राहून रोज आठ-नऊ वेळा सेल्फ मारण्याइतकी बॅटरी खाते. महिनाभर उभी राहिली तर जवळजवळ निम्मी बॅटरी रिकामी. खर्च सेल्फचा कमी, उभ्या तासांचा जास्त. दिवसातून दहा मिनिटं चालणारी गाडी तेवीस तास पन्नास मिनिटं उभी असते.

मग त्या दहा मिनिटांत ऑल्टरनेटर ते भरून का काढत नाही? त्याचं उत्तर बॅटरीच्या स्वभावात आहे. पोत्यात धान्य ओततो तेव्हा अर्धं पोतं भसकन भरतं, पण वरचे शेवटचे चार पसे बसवायला पोतं पुन्हा पुन्हा आपटावं लागतं. लेड-ॲसिड बॅटरीचं तसंच आहे. रिकामी असताना ती भराभर करंट घेते. ८० टक्क्यांच्या आसपास आली की हात आखडता घेते, आणि शेवटच्या २० टक्क्यांना काही तास लागतात. ऑल्टरनेटर कितीही मोठा बसवला तरी हे तास कमी होत नाहीत. त्यातच सकाळी हेडलाइट, ब्लोअर, वायपर, मागच्या काचेचा हीटर चालू असेल तर ऑल्टरनेटरची कमाई आधी तिकडे जाते. दहा मिनिटांच्या फेऱ्यांवर जगणारी बॅटरी म्हणून कायम ६०-७० टक्क्यांवर रेंगाळते.

आणि असं रेंगाळणंच तिला मारतं. बॅटरी उतरते तेव्हा शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच पूर्ण चार्ज केली तर ते विरघळून जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे खडे कडक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पहिली लेड-ॲसिड बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचं हे दुखणं तिच्या सोबत आहे. सव्वा वर्षात माझी बॅटरी मेली ती यामुळेच.

पायरी १: मोजा

अंदाजाने काही करू नका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डायल डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला.

वेळ महत्त्वाची. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचं रीडिंग फसवं असतं, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज व्होल्टेज फुगवून दाखवतो. सगळ्यात सोपं म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फ मारायच्या आधी मोजायची. बोनेटची कळ आदल्या संध्याकाळीच ओढून ठेवा. सकाळी दार उघडलं की गाडी जागी होते आणि रीडिंग थोडं खाली येतं.

१२.६ ते १२.७ आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. त्याखाली ती रिकामी समजा. एजीएम प्रकारची (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी) बॅटरी असेल तर पूर्ण भरल्यावर ती १२.८ च्या आसपास दाखवते. पूर्ण भरलेल्या आणि निम्म्या बॅटरीत जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक आहे, हे लक्षात घ्या. म्हणून ‘बारा व्होल्ट आहेत की, मग ठीकच आहे’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा पडद्यावर १२.१८ होतं. गाडी त्या दिवशी नीट चालू झाली होती आणि आदल्या दिवशीही. काही बिघडल्याची एकही खूण बाहेर दिसत नव्हती, आणि आत बॅटरी निम्म्यावर होती.

त्यानंतर दोन रीडिंग अजून घ्या. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी मीटर बघा: आकडा खाली जातोच, पण साधारण ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी एकतर फार उतरलेली आहे किंवा म्हातारी झाली आहे. मग इंजिन चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर ऑल्टरनेटर काम करतोय. १३ च्याही खाली अडकून राहिलं तर बॅटरीला दोष देण्याआधी ऑल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटरच्या हातात असतं. तिथे हा आकडा कधी १२.५ तर कधी १५ च्या जवळ दिसू शकतो. अशा गाड्या ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवायला जागा हवी म्हणून बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे सकाळचं १२.४-१२.५ पाहून घाबरायचं कारण नाही.

ही सगळी रीडिंग तारखेसह एका कागदावर लिहून बोनेटच्या आत चिकटवा. एका रीडिंगपेक्षा चार आठवड्यांची चार रीडिंग खूप जास्त सांगतात.

पायरी २: उभ्या गाडीची गळती शोधा

यात सगळ्यात जास्त फायदा आहे आणि बहुतेक वेळा खर्च शून्य.

पहिला संशयित डॅशकॅम. पार्किंग मोडवर, म्हणजे उभ्या गाडीतही चित्रण चालू राहील असा ठेवलेला डॅशकॅम साधारण २५० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले; चार दिवसांत निम्मी बॅटरी. ‘एवढासा तर कॅमेरा’ हा विचार इथे महागात पडतो. पार्किंग मोड बंद करा, किंवा बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की स्वतःहून वीज तोडणारी वायरिंग किट लावून घ्या. मग बघा जीपीएस ट्रॅकर, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतो तिथे) खोचलेलं एखादं यंत्र, मोबाइलचा चार्जर. काही गाड्यांत चार्जरचं सॉकेट गाडी बंद केल्यावरही चालू राहतं. चार्जरचा छोटा दिवा रात्री पेटलेला दिसला तर ओळखा. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला की कळतं. बटण स्टार्टची गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब ठेवा. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली किल्ली बाहेरच्या गाडीला रात्रभर जागं ठेवू शकते.

हे करूनही बॅटरी उतरत असेल तर गळती मोजावी लागते. मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घाला, डायलही डीसी अँपिअरवर न्या, बॅटरीची मायनस केबल काढा आणि मीटर त्या केबलच्या आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये जोडा. दारं बंद, गाडी लॉक. मग थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास, काहींत त्याहून जास्त वेळ घेतात. सुरुवातीला मीटर २-३ अँपिअर दाखवेल, तो आकडा हळूहळू खाली येतो. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या खाली स्थिरावला तर ठीक. २००-३०० वर अडकला तर काहीतरी जागं आहे. एकेक फ्यूज काढून बघितलं की ज्या फ्यूजला आकडा धपकन पडतो त्या सर्किटमध्ये गळती. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जळेल. इतकं करायचा धीर होत नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण ‘गळती मोजा’ असं त्याला स्पष्ट सांगा. नाहीतर तो थेट नवी बॅटरी दाखवेल.

आणि एक: इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत किंवा ब्लोअर लावून गाडीत बसणं. ५ अँपिअर धरले तरी वीस मिनिटांत वीस वेळा सेल्फ मारण्याइतका खर्च होतो. शाळेबाहेर मुलांची वाट बघणाऱ्यांच्या बॅटऱ्या इथे उतरतात.

पायरी ३: चालवण्यात थोडा बदल

सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशा तीन फेऱ्यांऐवजी तिन्ही कामं एका फेरीत केली तर तेच किलोमीटर बॅटरीला जास्त लाभतात. छोट्या फेरीत मागच्या काचेचा हीटर, सीट हीटर काम झालं की बंद करा. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपचं बटण असेल तर ते बंद करून निघा. दर सिग्नलला इंजिन बंद होणं छोट्या फेरीत परवडत नाही.

आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं ते तासभर सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवा. इंजिन ऑइल नीट तापून त्यातली पाण्याची वाफ निघून जाते, डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर साफ व्हायला मदत होते, टायरही एकाच जागी दबून राहत नाहीत. बॅटरी मात्र यानेही काठोकाठ भरत नाही, हे माहीत असू द्या. तासाभरात ती ६५ वरून ८०-८५ वर येईल. वरचं राहिलेलं भरायला चार्जरच लागतो.

गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवायची सवय अनेकांना असते. तिचा उपयोग फार थोडा. आयडलला ऑल्टरनेटर कमी वेगाने फिरतो, कमी वीज देतो, आणि इंजिन अर्धवट तापतं. बंद गॅरेजमध्ये तर हे कधीच करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

पायरी ४: चार्जर, खरा उपाय

माझा प्रश्न सुटला तो इथे. महिन्यातून एक रात्र चार्जर लावायचा. बाकी सगळ्या उपायांनी उतरण्याचा वेग कमी होतो. पूर्ण भरणं होतं ते फक्त यानेच.

घेताना स्मार्ट चार्जरच घ्या, म्हणजे बॅटरी भरली की स्वतःहून व्होल्टेज कमी करून नुसती राखण करणारा. जुने साधे चार्जर करंट ढकलतच राहतात, बॅटरीतलं पाणी उकळवतात. करंट किती? बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा भाग हे चांगलं माप आहे. ४५ ला ४ ते ५ अँपिअर. आपल्या बॅटरीचा प्रकार लेबलवर वाचा: साधी, ईएफबी (साधीचाच दणकट प्रकार) की एजीएम, चार्जरवर तोच मोड निवडायचा. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठी बनवलेला चार्जरच लागतो.

आता रात्रीचं काम क्रमाने. बोटातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. हवा खेळती असेल अशा ठिकाणी गाडी लावा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला ठिणगी पुरते. जवळ विडी-सिगारेट नको. चार्जर भिंतीत खोचायच्या आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसवर लावा. काळा चिमटा बॅटरीच्या मायनसवर न लावता इंजिनाच्या किंवा चॅसीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर लावा. याची दोन कारणं. पहिलं, शेवटची जोडणी करताना ठिणगी उडालीच तर ती बॅटरीपासून लांब उडते. दुसरं, नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो; किती वीज आत गेली हे तो मोजतो, आणि चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर हा चार्ज त्याच्या हिशेबात येत नाही. चिमटे घट्ट बसले की मग प्लग खोचून चालू करा. काढताना उलटा क्रम: आधी भिंतीतला प्लग, मग काळा, मग लाल. बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर बोनेटखाली चार्जिंगसाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात, गाडीच्या पुस्तकात बघा.

वेळ किती लागतो? निम्म्या उतरलेल्या ४५ च्या बॅटरीत साधारण २२ अँपिअर-तास घालायचे आहेत. ४ अँपिअरने साडेपाच-सहा तास, आणि वर तो शेवटचा हट्टी भाग. रात्री नऊला लावलात तर सकाळी हिरवा दिवा दिसेल. दोन तासांत हिरवा झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १२.२ दिसलं, तर बॅटरीची क्षमताच संपत आली आहे.

कधी लावायचा ते कॅलेंडरपेक्षा तुमच्या कागदावरून ठरवा. सकाळचं रीडिंग १२.४ च्या खाली गेलं की त्याच आठवड्यात लावा. माझ्या गाडीला हे साधारण चार आठवड्यांनी येतं. डॅशकॅम असताना दहा दिवसांत यायचं.

गाडीपर्यंत वीज पोचत नसेल, उघड्यावर पार्किंग असेल, तर ५ ते १० वॅटचं छोटं सोलर पॅनेल काचेमागे ठेवता येतं. उन्हात ते उभ्या गाडीची गळती भरून काढतं, उतरलेली बॅटरी वर काढत नाही. बॅटरी काढून घरात आणून चार्ज करणं हाही मार्ग आहे: १० नंबरचा पाना, आधी मायनस सोडायचं, लावताना मायनस शेवटी. रेडिओचा कोड माहीत असू द्या, आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागू शकते.

टर्मिनल आणि पाणी

टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर ती चार्जिंगला अडवते. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, कोरडं करा, केबल हाताने हलणार नाही इतकी आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. हातमोजे आणि चष्मा घाला, ते सल्फ्युरिक ॲसिड आहे. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत का बघा; फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही, आणि तेही चार्ज झाल्यावर. आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं.

दुचाकी, हायब्रिड, इलेक्ट्रिक

दुचाकीचा हिशेब तोच, फक्त बॅटरी इवलीशी, म्हणून उतरणं जास्त झटपट. तिला कारचा ४ अँपिअरचा चार्जर लावू नका. अर्धा ते एक अँपिअरचा घ्या. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ती भरते मोठ्या बॅटरीकडून, मुख्यतः गाडी ‘रेडी’, म्हणजे चालवायला तयार असताना. नुसते दिवे-रेडिओ लावून बसलात तर ती भरत नाही, खर्च होते.

तरीही एखाद्या सकाळी उतरलीच तर

जंपर केबलचा क्रम पाठ करा. लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसवर. काळं टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसवर, आणि शेवटचं काळं उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा कडक थंडीत आतून गोठलेली दिसली तर केबल लावूच नका.

गाडी चालू झाली की लोक अर्धा तास फिरवून आणतात आणि झालं असं समजतात. पूर्ण उतरलेली बॅटरी अर्ध्या तासात भरत नाही, आणि तिला भरण्यात ऑल्टरनेटर तापून निघतो. घरी पोचा आणि त्याच दिवशी चार्जर लावा. उतरलेल्या अवस्थेत जितके दिवस जातील तितके खडे कडक होतील.

रात्रभर पूर्ण चार्ज करून, एक दिवस नुसती ठेवून, रीडिंग १२.४ च्या खाली येत असेल आणि सेल्फच्या वेळी ९.६ खाली घसरत असेल, तर ती बदलायची वेळ झाली. नवी घेताना तिच्यावरची बनावटीची तारीख बघा, दुकानात सहा-आठ महिने पडलेली घेऊ नका. जुन्या बॅटरीचा जो प्रकार होता तोच घ्या; स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत साधी बसवली तर ती टिकत नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं कॉम्प्युटरला स्कॅनरने सांगावं लागतं, ते करून घ्या. आणि नवी असली तरी पहिल्याच रात्री चार्जरवर लावा. कारखान्यातून निघून तुमच्या गाडीत येईपर्यंत तीही थोडी उतरलेलीच असते.